विहिरींची माहिती फुकट का वाटता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी नागपुरातल्या जुन्या विहिरींचं पाणी किती खोल गेलंय ते मोजतो आणि त्या नोंदी नकाशासकट इंटरनेटवर खुल्या ठेवतो. कोणीही घ्याव्यात, वापराव्यात, त्यावर पैसे कमवायचे तर कमवावेत. हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "यातून तुम्हाला काय मिळतं?" काही नाही. पेन्शन चालू आहे. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि आमच्या लेआऊटमधल्या एका पोरानं तो नेमका विचारला: "काकाजी, उद्या बोअरवाला तुमचाच नकाशा घेऊन धंदा करन, मंग?"

करतोच आहे. पण आधी काम काय ते सांगतो.

विहीर मोजायला फार काही लागत नाही. स्टीलची टेप, तिच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा आणि खडू. टेपच्या शेवटच्या हातभर भागावर खडू फासायचा, टेप खाली सोडायची, डुबुक ऐकू आलं की आणखी थोडी सोडून कठड्याशी आकडा धरायचा आणि वर ओढून घ्यायची. खडू जेवढा भिजला तेवढी लांबी वजा. मग कठड्याची उंचीही वजा. समजा कठड्याच्या वरच्या कडेपासून पाणी 6.40 मीटरवर लागलं आणि कठडा 0.85 मीटर उंच आहे, तर पाणी जमिनीखाली 5.55 मीटरवर. हे सगळं सकाळी, घरातलं कोणी पंप लावायच्या आत. पंप चालून गेला की मग तो आकडा त्या घरच्या टाकीचा, जमिनीतल्या पाण्याचा नव्हे. महाल भागातल्या एका वाड्यातल्या आजी दर वेळी मला बजावतात, "मोज बापा, पण हिच्यात निर्माल्य कोण टाकते तेही लिहून घे."

एका विहिरीच्या एका आकड्यातून काहीच कळत नाही. नागपूर दोन खडकांवर बसलंय: ढोबळमानानं पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, नाइस नावाचा खडक. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. त्यामुळे ऐन मे महिन्यात एका घरच्या विहिरीला पाणी आणि चार घरं सोडून दुसरी ठणठणीत कोरडी, हे सर्रास दिसतं. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं आणि ते आकडे खुले आहेत. पण त्या विहिरी साऱ्या जिल्ह्यात विखुरलेल्या, मोहल्ल्यात काय चाललंय ते त्यात दिसत नाही. त्यांच्या आकड्यांशेजारी माझे ठेवले की काहीतरी दिसायला लागतं. ते मला शेजारी ठेवता आले, कारण त्यांनी आपले आकडे कुलपात घातले नाहीत. मग मी माझे घालायचे?

तसं पाहिलं तर नागपूर मोजणाऱ्यांचंच गाव. मातीचं सर्वेक्षण करणारा राष्ट्रीय ब्युरो अमरावती रोडवर, देशभरच्या खाणींचा हिशेब ठेवणारा इंडियन ब्युरो ऑफ माइन्स सिव्हिल लाइन्समध्ये, शिवाय पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी, कापूस संशोधन संस्था, उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं एमआरसॅक. देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन त्याच कामावर असताना 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. त्या परंपरेतले सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे साध्या माणसाला घरबसल्या फुकट उतरवून घेता यायला 2017 साल उजाडावं लागलं.

कायदे, धोरणं आहेत. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 म्हणतं, लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी इतकी माहिती कार्यालयांनी आपणहून द्यावी. 2012 मध्ये केंद्राचं डेटा खुला करण्याचं धोरण आलं, 2017 मध्ये त्यासाठीचा सरकारी परवाना आला. आता प्रत्यक्षात काय हाती पडतं ते ऐका. एका कार्यालयाकडे मी सार्वजनिक विहिरींची वॉर्डनिहाय यादी मागितली. मिळाली, आणि साहेब बोललेही नीट. पण ती छापलेली, सही-शिक्के मारलेली आणि पुन्हा स्कॅन केलेली पीडीएफ, निम्मी पानं आडवी. मूळ फाइल मागितली तर ती निघाली युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसावी या सोयीच्या, आधीच्या कुठल्याशा फाँटमध्ये. माझ्या संगणकावर विहिरीच्या जागी चौकोन, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरं. शेवटी रात्रीची जेवणं आटोपल्यावर बायको वाचायची आणि मी टाइप करायचो. "नंदनवन, गोल विहीर, पडीक" असं किती दिवस चाललं विचारू नका. ही यादी आम्ही दोघांनी टाइप करून पेनड्राइव्हवर ठेवून दिली असती, तर पुढच्या कोणाच्या तरी बायकोला पुन्हा तेच वाचत बसावं लागलं असतं.

माझ्या नोंदींवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्याचा तयार परवाना आहे, अट एवढीच की कुठून घेतलं ते सांगा. धंद्यासाठी वापरू नये ही अट घालता आली असती. ती मी मुद्दाम घातली नाही. तशी अट घातलेलं साहित्य विकिपीडियासारख्या ठिकाणी चालत नाही, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तो बोअरवालाच.

कुठं किती फुटांवर खडक लागतो, कुठं पाणी लागतं, हे त्याला माझ्या नकाशाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. त्याच्याकडे डायरी आहे. ठाऊक नव्हतं ते आमच्या शेजारच्या बाईंना, ज्यांनी पीएफमधून पैसे काढून बोअर मारला आणि तो फेल गेला. माहिती बंद ठेवली तरी ज्याचं पोट तिच्यावर आहे त्याच्यापर्यंत ती बरोबर पोचते. राहतात ते बाकीचे. लेआऊट पाडणाऱ्याला नाला कुठून जायचा ते माहीत असतं, प्लॉट घेणाऱ्याला नसतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. त्यानंतर मला जे फोन आले त्यात विहिरींचं कोणी विचारेना. आपल्या घराखालून पूर्वी नाला जात होता का, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

सरसकट सगळं उघडं टाकावं या मताचा मी नाही. विहिरीच्या मालकाचं नाव, फोन नंबर मी कुठंच टाकत नाही. घराच्या आत असलेली विहीर नकाशावर गल्लीच्या तोंडाशी दाखवतो. इकडे पेंच आणि ताडोबा जवळ असल्यानं आणखी एक प्रकार बघायला मिळतो: वाघिणीनं बछडे कुठं ठेवलेत ते फोटो आणि ठिकाणासकट टाकणारे हौशी लोक. त्याला मी आगाऊपणा म्हणतो. लोक प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकतात त्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्राण्यांचं नेमकं ठिकाण मुद्दाम झाकलेलं असतं, ते योग्यच आहे.

तर बोअरवाला. तो खरंच घरी आला, माझ्या नकाशाची रंगीत प्रिंट घेऊन. "सर, गिऱ्हाइकाला हे दाखवलं की त्याचा भरोसा बसते." मी म्हटलं, बसू द्या, खाली नाव राहू द्या फक्त, आणि तुमची डायरी दाखवा. तेव्हा हसून चहा पिऊन गेला. बऱ्याच दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर डायरीच्या पानांचे फोटो आले. सगळे फेल गेलेले बोअर: कोणत्या भागात, किती फूट मारला, मुरूम कुठं संपला, खडक कुठं लागला. या नोंदी मला कुठल्याच सरकारी यादीत सापडल्या नव्हत्या, कारण कोरड्या बोअरचं दप्तर ठेवतो कोण? गिऱ्हाइकांची नावं गाळून मी त्या नकाशावर लाल ठिपक्यांनी टाकल्या. आता लोक बोअर मारण्याआधी ते ठिपके बघतात, आणि एकदोघांनी बेत रद्द केल्याचं त्यानंच मला कुरकुरत सांगितलं.

पाणी लागलेल्या बोअरचं विचारलं की म्हणतो, "देतो ना सर, जरा पोराचं लग्न होऊ द्या."