‘को’पर्यंतची पेरे

बीड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथी-पाचवीचा जोडवर्ग शिकवते. वाडीतील निम्म्याहून अधिक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात, पण बरीचशी आईवडिलांबरोबर फडावरच जातात. ज्या मुलाविषयी मी लिहीत आहे, तो पहिलीपासून दर वर्षी असाच जात आला होता.

जुलैमध्ये मी पाचवीची वाचन चाचणी घेत होते. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट असे तिचे टप्पे असतात. या मुलाने पाठ्यपुस्तकातील पहिला पाठ न अडखळता म्हणून दाखवला, म्हणून मी त्याच्या नावापुढे ‘परिच्छेद’ लिहिणार होते. तेवढ्यात, कशाने सुचले ते मला सांगता येणार नाही, मी त्याच पानावरील चौथ्या वाक्यावर बोट ठेवून तेवढेच वाचायला सांगितले. तो गप्प झाला. मग ओठांतल्या ओठांत पहिल्या वाक्यापासून पुटपुटत चौथ्यापर्यंत आला आणि तेथून मोठ्याने, अगदी बरोबर म्हणाला.

मी पाटीवर ‘कोयता’ लिहिले. ज्या मुलाच्या घरात ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची एक जोडी असा हिशेब चालतो, त्याला हा शब्द परका नव्हता. त्याने डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर ठेवला आणि एकेक पेर पुढे सरकत म्हणू लागला, “क, का, कि, की, कु, कू, के, कै, को.” चार बोटांची बारा पेरे आणि बाराखडीची बारा रूपे! (अॅ आणि ऑ धरून आता चौदाखडी झाली आहे, पण आमच्याकडची घोकंपट्टी अजून बारावरच थांबते.) नवव्या पेरावर त्याला ‘को’ सापडला. ‘य’ लगेच आला. ‘ता’साठी पुन्हा पहिल्या पेरापासून ‘त, ता’ झाले. तोपर्यंत ‘को’ निसटून गेला होता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “यता?”

त्या दिवशी मी पुढची चाचणी घेतली नाही. त्याला काहीच येत नाही असे म्हणावे, तर मूळाक्षरे येत होती, संपूर्ण बाराखडी येत होती आणि अख्खा पाठ येत होता. फक्त हे सारे ओळीने येत होते. दर जूनमध्ये वर्ग सुरात बाराखडी म्हणतो, त्यात त्याचा आवाज सर्वांत खणखणीत असे, आणि तो सूर मीच धरून देत असे. शब्द फोडण्याचे व जोडण्याचे खरे काम दिवाळीनंतर व्हायचे, तेव्हा तो फडावर असायचा. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होते. हे आकडे मी प्रशिक्षणात ऐकले होते, पण न वाचता येणारे मूल अडखळते अशी माझी समजूत होती. हे मूल तर घडाघडा बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून परिपाठाआधी पाऊण तास तो आणि आणखी तिघे येऊ लागले. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिलीचे पुस्तक दिले तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, एवढे मला कळत होते. म्हणून पुस्तक ठेवलेच नाही. पहिला आठवडा नुसत्या कानांचा गेला. ‘मोळी’तला ‘मो’ काढला तर काय उरते, ‘पाचट’ आणि ‘पाते’ यांची सुरुवात सारखी आहे का, असे प्रश्न आम्ही टाळ्या वाजवत सोडवले. त्यानंतर क, म, ल, र, न एवढीच अक्षरे आणि एकच काना घेतला. बाराखडी एका अक्षराला बारा रूपांतून नेते. मी तक्ता आडवा न वाचता उभा वाचायला लावला. का, मा, ला, रा, ना. या क्रमाला सूर नव्हता, त्यामुळे पेरे मोजण्याची सोय उरली नाही, आणि काना म्हणजे कोणत्याही अक्षराला चिकटणारा ‘आ’ हे त्याला पहिल्यांदाच सुटेपणाने दिसले. त्याच दिवशी काम, माल, नाला, कमान हे शब्द तयार झाले. पाठांतर परत शिरू नये म्हणून मी मधूनमधून ‘रामक’, ‘नालम’ असले निरर्थक शब्दही टाकत असे. “मॅडम, याला तर काही अर्थच नाही,” असे तो वैतागून म्हणाला, पण ते त्याने वाचून झाल्यावर म्हटले होते.

वेलांट्यांपैकी दुसरी आधी घेतली, कारण ‘की’मध्ये लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच आहे. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि कागदावर आधी उभी राहते. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारे मूल ‘किरण’पाशी ‘इकरण’ म्हणाले, तर ते आपल्या लिपीच्या रीतीने फसलेले असते. यावर मला एकच उपाय साधला: वेलांटी दिसली की बोट आधी अक्षरावर ठेवायचे आणि मग मागे आणायचे. त्याला तीन आठवडे लागले.

एकदा त्याने मलाच अडवले. ‘चूल’ आणि ‘चार’ हे शब्द लिहून झाल्यावर त्याने विचारले की दोन्ही ‘च’ वेगळे बोलतो, मग सारखे का लिहितो? मराठीत च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर मात्र एकेकच आहे, हे मी डी.एड.ला शिकले होते. वर्गात हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता, मीही नाही. जो मुलगा जुलैमध्ये पेरे मोजत होता, त्याच्या कानाला हा फरक सप्टेंबरात टोचत होता.

दिवाळी जवळ आली तेव्हा आम्ही जोडाक्षरांपाशी पोहोचलो होतो. फड, टोळी, मुकादम, उचल, वाढे हे सारे शब्द तो लिहीत आणि वाचत होता, मात्र ‘र’ची रूपे अर्धवट राहिली होती. मुकादमाचा ट्रक गावात लागला त्या सकाळी मी सराव वही देण्यासाठी गेले. भांडी आणि अंथरुणे वर चढत होती. तो ट्रकच्या मागे उभा राहून फळीवरची अक्षरे वाचत होता. ‘आई-वडिलांचा’ सरळ गेले. पुढे तो म्हणाला, “आशिवाद.” मग थांबला, मान वर करून ‘वा’च्या डोक्यावरची खूण पाहिली आणि मला विचारले, “हा ‘र’ आधी म्हणायचा ना?”

मी हो म्हटले.

“आशिर्... वाद.”

रंगाऱ्याने ‘शी’ची वेलांटी चुकवून ऱ्हस्व काढली होती. मुलाने बोट बरोबर आधी ‘श’वर नेले होते, त्यामुळे ती चूक मी त्या दिवशी दाखवली नाही.