तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रेलर का कापला

"एवढा चांगला बनला होता, कापलास कशाला?" कॅम्पिंगला जाताना गाडीमागे जोडायचा ट्रेलर आम्ही स्वतः बांधला होता, आणि मी तो कापून टाकला. गेल्या दीड वर्षात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. आतापर्यंत मी सगळ्यांना "जागा नव्हती" असं सांगत आले. सोसायटीत जागा नव्हती हे खरं, पण ती पहिल्या दिवसापासूनच नव्हती, म्हणून तर तो कायम कुर्ल्यात, त्याचं वेल्डिंग करणाऱ्या चाचांच्या गॅरेजमागे उभा असायचा. कारण वेगळं होतं.

आणि याच प्रश्नाला शेपूट असतं, "ती जुनी जिप्सी मात्र ठेवलीस!" हो, ठेवली. मारुतीची जीपसारखी गाडी, २००४ ची आहे, दर पावसाळ्याआधी खाली झोपून फ्लोअरचा गंज घासावा लागतो, आणि मुंबईच्या हवेत तो परत येतोच. २०१९ ला रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण केलं, २०२४ ला परत केलं, दुसऱ्या वेळी नुसती फीच पाच हजार, कारण २०२२ च्या एप्रिलपासून ६०० चे ५००० झाले होते. तरी ठेवली, कारण ती बिघडायच्या आधी सांगते. साठच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं की किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे, बेअरिंग बघायचे. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं पातळ ग्रीस ओघळलेलं दिसलं की समजायचं आतला अ‍ॅक्सल सील गेलाय, डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल नकलमध्ये (पुढचं चाक वळतं त्या सांध्यात) येऊन ग्रीस पातळ करतंय. वीस वर्षं जुन्या गाडीवर विश्वास कसा ठेवतेस असं विचारतात, मी म्हणते याच्यामुळेच. ट्रेलरने मला काही म्हणजे काहीच सांगितलं नाही.

बांधताना आम्ही हलगर्जीपणा केला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे. लोखंड मी स्वतः दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या जुन्या लोखंडाच्या बाजारातून आणलं, चॅसीला ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, गाडीच्या हुकला जोडायच्या पुढच्या दांड्याला ७५ चं चॅनेल. नटबोल्ट नागदेवीतून, सगळे हाय टेन्साइल. स्प्रिंगचे पाटे जिप्सीचेच, मागचे, भंगारातले, त्यातले दोन काढून मऊ केलेले. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) हेही जिप्सीचेच, म्हणजे पाच बोल्टची तीच १५ इंची रिम बसते आणि दोघांना मिळून एकच स्टेपनी पुरते, हे मला तेव्हा फार आवडलं होतं आणि अजूनही आवडतं. किचनची पेटी मरीन प्लायची, कडा इपॉक्सीने बंद केलेल्या. चाचांचं वेल्डिंग तुम्ही पाहिलंय, त्याबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही.

चूक माझी होती, आणि मला ज्याचा सगळ्यात जास्त अभिमान होता नेमकी तिथेच होती. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकवर यायला हवा हे मी वाचलं होतं, नाक हलकं झालं की ट्रेलर वेगात झुलायला लागतो. म्हणून ८० लिटरची पाण्याची टाकी मी मुद्दाम पुढे घेतली, दांड्याच्या मुळाशी. सगळं भरून वजनकाट्यावर ४२० किलो, दांड्याखाली घरचा बाथरूममधला काटा ठेवला तर ४५. दहा टक्क्यांच्या वर. मी त्या काट्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता, तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे असेल अजून.

डिसेंबर २०२३. खिरेश्वरला दोन रात्री, पिंपळगाव जोगाच्या बॅकवॉटरच्या काठावर. आम्ही तिघं, मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. जाताना माळशेज चढलो तेव्हा ट्रेलर मागे आहे हे विसरायला व्हावं इतका शांत होता. तिथे दोन दिवस स्वयंपाक, भांडी, आंघोळी, टाकी रिकामी. परतीच्या सकाळी दवाने तंबू ओला चिंब, किचनच्या पेटीत ओलं नको म्हणून तो मी मागे टाकला, अगदी टेलगेटजवळ. यात काही चुकतंय असं मनात आलंसुद्धा नाही. दांडा हुकवर ठेवताना नेहमी आम्हा दोघांना लागायचं, त्या दिवशी नवऱ्याने एकट्याने उचलला आणि म्हणाला, "आज हलका वाटतोय." मी म्हटलं, "पाणी संपलंय ना." म्हणजे मी स्वतःच्या तोंडाने कारण सांगितलं आणि गाडीत जाऊन बसले.

घाटात काही झालं नाही, वळणांवर वेगच नव्हता. घाट संपत आला, सरळ उतार लागला, मी साठच्या थोडी वर असेन, तेवढ्यात मागून एसटी ओव्हरटेक करून गेली. तिच्या हवेचा धक्का नेहमीच बसतो, जिप्सी उंच आणि हलकी, मला सवय आहे. पण या वेळी धक्का संपला नाही. मागून कोणी तरी गाडीला एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलतंय असं. आरशात ट्रेलरचा डावा कोपरा दिसला, मग उजवा, मग परत डावा, दर वेळी जास्त. आणि मागून मुलगा अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आई, ट्रेलर आपल्या पुढे जातोय."

मी ब्रेक दाबला. दाबायचा नसतो, हेही मी वाचलं होतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसताना पुढच्या गाडीचा ब्रेक दाबला की मागचं सगळं वजन तिच्या शेपटीवर येतं, आणि जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त २३७५ मिलिमीटर, ती कितीशी धरणार. गाडी आडवी झाली, ट्रेलर गोल फिरून रस्त्याकडेच्या गटारात गेला, त्याने आम्हाला अर्धं ओढलं आणि मग सगळं थांबलं. दांडा मुळाशी वाकला होता, सेफ्टी चेन ताणलेली पण शाबूत. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. समोरून त्या अर्ध्या मिनिटात एकही गाडी आली नाही. मी हे वाक्य आजपर्यंत कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याने तो बाहेर काढून ढाब्यामागे लावून दिला, पुढच्या रविवारी टेम्पोत टाकून कुर्ल्याला आणला. तिथे मी परत काटा मांडला. दांडा वाकलेला, त्याखाली विटा लावून समपातळीत घेतला, तंबू होता तिथेच ठेवला, टाकी रिकामी. तीन किलो. पंचेचाळीसचे तीन. नंतर कागदावर गणित केलं तर तेवढंच येत होतं, शाळेतलं तरफेचं गणित, मुलाला दोन वर्षांनी शिकवतील ते. मी ते भरलेल्या टाकीसाठी केलं आणि रिकाम्या टाकीसाठी केलंच नाही.

आता तुमचा मुद्दा. टाकी अ‍ॅक्सलवर घेतली असती, दांडा लांब केला असता, ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला ढकलायला लागला की आपोआप लागणारा) बसवला असता तर ट्रेलर सुधारला असता. बरोबर आहे. चाचाही हेच म्हणाले, "दो दिन का काम है, सीधा हो जाएगा." मी त्यांना हो म्हणून घरी आले होते, खरंच.

पण त्याच आठवड्यात आपल्याच ओळखीतल्या एकाचा फोन आला, तू नाही वापरणार तर मला दे, आहे तसा, साठ हजार देतो, दांडा मी बघून घेईन. त्याला दोन लहान मुली आहेत. मी त्याला टाकीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं मी हळूच चालवतो." मीही हळूच चालवत होते.

आणि कागद. हे लिहायला जड जातंय. ट्रेलर कायद्याने वेगळं वाहन असतं, त्याची स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर लागतो. आमच्या ट्रेलरला तो नव्हता. घरी बांधलेल्याला पासिंग मिळवणं किती कठीण आहे हे मी चौकशी करून जाणून होते आणि तरी रस्त्यावर काढला. ट्रॅक्टरच्या किती ट्रॉल्या बिननंबराच्या फिरतात हा माझा तेव्हाचा युक्तिवाद, अजूनही अर्धा पटतो मला. पण समोरून एखादी बाइक आली असती तर त्या घरच्यांना मी ट्रॉल्यांचं उदाहरण दिलं असतं का?

तेव्हाची मी असती तर म्हणाली असती, घाबरलीस, एका चुकीसाठी तीन वर्षांचं काम मोडलंस, दुरुस्त करून स्वतःकडे ठेवता आला असता, विकायची जबरदस्ती कोणी केली नव्हती. याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं माहीत आहे की तो उभा राहिला असता तर मे महिन्यात मी परत जोडला असता, या वेळी गणित बरोबर आहे असं म्हणत.

गॅस कटर चाचांनी चालवला, मी बाजूला उभी होते. दांड्याचा सांधा शेवटी कापला. वाकला होता तो चॅनेल, वेल्ड जिथल्या तिथे होतं, एक चीरसुद्धा नाही, चाचांनी ते बोट लावून मला दाखवलं आणि काही बोलले नाहीत. किचनची पेटी आता जिप्सीत मागे आहे, मोजून कापावी लागली पण बसली. लोखंड भंगारात गेलं.

दोन्ही हब मात्र दिले नाहीत. गॅलरीत ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेले आहेत, पावसाळ्याआधी जिप्सीचं काम निघतं तेव्हा त्यांचंही ग्रीस बदलते. परवा मुलाने विचारलं हे कशाला ठेवलेत, मी म्हटलं जिप्सीला स्पेअर म्हणून. तो म्हणाला, मग दोन्ही कशाला?