गॅरेज सेलमधला डबा

"पाच डॉलर. आतला वास फुकट," म्हातारबाबा हसले.

यंगस्टाउन, ओहायो. पत्र्याचा जेवणाचा डबा, झाकणावर खिळ्याने कोरलेला हजेरी नंबर. 19 सप्टेंबर 1977 ला इथला पोलाद कारखाना बंद होणार असं जाहीर झालं. सुमारे 5,000 जणांची रोजी गेली. गावात आजही त्याला 'ब्लॅक मंडे' म्हणतात.

1979 मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांत जवळपास 1.95 कोटी लोक होते, आता 1.3 कोटीही नाहीत. टॅरिफने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर कर लावून, या नोकऱ्या परत येतील म्हणे. (माझे बूट व्हिएतनामचे, मी काय बोलणार!)

"कारखाना येईल रे," बाबा म्हणाले, "पण डबा घेऊन जाणार कोण? रोबो?"

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. 82 च्या संपानंतर त्यांचा डबा माळ्यावर गेला, तो कायमचाच.

पाच डॉलर दिले. डबा अजून गाडीतच आहे. घरात कुठे ठेवू?