गल्फला जाताय? हवा कोरडी समजू नका

आज पणजीत दिवसभर घामाच्या धारा. तरी दुबई-दोहाला निघालेल्यांनो, ‘वाळवंट म्हणजे कोरडी हवा’ हे डोक्यातून काढा. ऑगस्टमध्ये तिथल्या उथळ आखाताचं पाणी ३४-३५ अंशांवर जातं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पारा जरा उतरतो, पण दमटपणा चढतो आणि घाम वाळतच नाही. सौदीतल्या दहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन जमू लागते तो आकडा, ३५ अंश नोंदला गेला; तो जितका जास्त, तितकी हवेत वाफ जास्त. आपल्याकडे मे महिन्यात तो साधारण २५-२६ असतो. एवढी वाफ, मग पाऊस का नाही? वरून खाली दबणारी उष्ण हवा झाकण घालते, ढग वाढतच नाहीत. उन्हात काम असेल तर तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. घामातून मीठही जातं, नुसतं पाणी ढोसून भागत नाही. पेज-लोणचं तिथंही चालतं की! पारा चाळिशीपुढे असेल तर पंख्यावर विसंबू नका, तो गरम हवाच अंगावर फेकतो.