वसंत आली

पुण्याहून प्रूफ आलं. मी लिहिलं होतं 'वसंत आली'. तिथं सगळीकडे 'वसंत आला'. नावाला हात लावला नाही, बाईच बदलून टाकली! तिसऱ्या पानावर तर कळसच: 'वसंत निऱ्या खोचत म्हणाला, आज वखार बंद हाय.' मुद्रितशोधकाला निऱ्यांचंही काही वाटलं नाही. एक फोन करून विचारायचं तरी.

दुपारपासून डोकं धरून बसलेय. "एवढं काय त्यात?" हे म्हणाले. खरंय. पण चाळिशी ओलांडल्यावर पहिली कथा छापून येतेय. अण्णांना दाखवली असती... जाऊ दे.

वसंत निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या साली जन्मलेली. आधी तिला सुनंदा करून बघितलं, मग मंगल. सुनंदा झाली की लगेच पदर सावरायला लागायची, मुकादमाला उलटं बोलायचीच नाही. वसंत झाली आणि तोंड सुटलं तिचं. यापलीकडे मला कारण देता येत नाही. आणि विचारलंय कुणी? विचारलं असतं तर सांगितलंच असतं की.

निपाणी-चिक्कोडीकडं जैनांच्या घरात शीतल म्हणजे चांगला मिशीवाला गडी. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरून नाव. उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्या शीतलला कुणी 'आली' म्हणत नाही. किरण तर दोन्हीकडं चालतो. मग माझ्या वसंतनंच काय घोडं मारलंय? बरं, नावावरून घोटाळा होईल म्हणावं, तर पहिल्याच वाक्यात 'आली' आहे. होती.

रात्री अक्काला फोन केला. ती हसतच सुटली.

"अगं, बाईचं नाव वसंत ठेवलीस, वर तिला एकदा पण रडवली नाहीस. त्याला वाटलं असणार गडीच!"

आधी राग आला. मग निऱ्या खोचणारा वसंत डोळ्यांसमोर आला आणि मीही फस्सकन हसले.

"'मी' करून लिही की सगळी," अक्का म्हणाली. "आपल्याकडं बायका 'मी आलो, मी जातो'च म्हणत्यात. बघू काय काय बदलतोय."

तर आता पहिल्यापासून लिहायला घेतलीय. 'मी वखारीत गेलो तवा मुकादम च्या पीत होता.' वसंत हे नाव थेट दुसऱ्या पानावर, मुकादमाच्या शिवीत. निऱ्या आहेत तिथंच ठेवल्यात.

आता त्या 'गेलो'चं 'गेले' झालं नाही म्हणजे मिळवली.