सात जीबी मोकळे, तरी डिस्क फुल

2004 ची गोष्ट. तेव्हा मी एडिटिंग आणि कन्व्हर्जनची कामं करायचो. एका कंपनीने ट्रेनिंगच्या रेकॉर्डिंगच्या दहा डीव्हीडी दिल्या होत्या, त्यांच्या बऱ्याच शाखांत फक्त व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवरचा व्हिडिओ, चालवणारे प्लेअर होते म्हणून सगळ्याच्या व्हीसीडी करून हव्या होत्या. काम सोपं पण वेळखाऊ. मशीनला 40 जीबीची हार्ड डिस्क, 10 सी ला आणि बाकी डी ला, सगळा खेळ डी वर.

माझी पद्धत ठरलेली. डीव्हीडीतल्या व्हॉब, म्हणजे व्हिडिओच्या, फाईली डी वर उतरवायच्या, एक जीबीचे तुकडे असतात ते, मग कमांड प्रॉम्प्टवर कॉपी स्लॅश बी मारून सगळे एकाला एक जोडायचे आणि ती एकच फाईल एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ व्हीसीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्यायची. नऊ डीव्हीडी अशाच निघाल्या, सगळ्या पावणेचार जीबीच्या आतल्या. दहावी ड्युअल लेयर, म्हणजे जवळपास दुप्पट मावणारी, निघाली. अडीच तासांचं रेकॉर्डिंग, 7.2 जीबी, आठ व्हॉब.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. उतरवून झाल्यावर डी वर पावणेअकरा जीबी मोकळे होते, म्हणजे जोडून वर साडेतीन उरणार, हिशोब करूनच एंटर मारलं आणि चहाला गेलो. येऊन बघतो तर डिस्कवर जागा नाही म्हणून थांबलेलं. माय कॉम्प्युटर उघडलं तर डी वर 6.8 जीबी मोकळे!

आता इथे थांबून विचार करायला हवा होता, पण डोक्यात घाई. मला वाटलं टेम्प फाईली सी वर जात असतील, सी साफ केला. परत तेच. मग डी वर जे दिसेल ते उडवत सुटलो, जुन्या डब्ल्यूएव्ही म्हणजे ऑडिओ फाईली, आधीच्या सेटचे एमपेग म्हणजे व्हीसीडीसाठी तयार झालेले व्हिडिओ, सगळं शिफ्ट डिलीट, रिसायकल बिनचा प्रश्नच नाही. नवव्या सेटच्या दोन्ही सीडी समोर टेबलवर होत्या, मार्करने नावं घातलेल्या, म्हणून त्याचेही एमपेग उडवले. तिसऱ्यांदा कमांड मारली. परत जागा नाही.

आमच्याकडे नवीनच लागलेला एक पोरगा मागे उभा होता. तो म्हणाला, "सर, फाईल दरवेळी तेवढ्याच साईजवर थांबतेय." बघितलं तर अर्धवट फाईलची साईज 41,94,304 केबी. म्हणजे बरोबर चार जीबी. डी ड्राईव्ह फॅट32 होता, म्हणजे फाईली ठेवायची जुनी पद्धत, आणि फॅट32 वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, ड्राईव्ह रिकामा का असेना. सिस्टम मात्र 'फाईल मोठी झाली' म्हणत नाही, 'जागा नाही' म्हणते. आणि मी येडा जागा करत बसलो होतो.

कन्व्हर्ट कमांडने ड्राईव्ह एनटीएफएस, म्हणजे ही मर्यादा नसलेल्या नव्या पद्धतीचा, करता येतो, डेटा न जाता, पण एकदा केला की त्या कमांडने मागे येता येत नाही आणि ऐन डिलिव्हरीच्या रात्री ते करायची माझी छाती होईना. मग जोडणंच सोडून दिलं. डीव्हीडीटूएव्हीआय नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आठही व्हॉब एका ओळीत लोड केले आणि प्रोजेक्ट सेव्ह केला. त्याची डीटूव्ही नावाची इवलीशी फाईल बनते. माझा एन्कोडर टीएमपीजीएन्क ती उघडतो आणि त्याला वाटतं एकच लांब व्हिडिओ आहे. डिस्कवर जास्तीचा आला फक्त ऑडिओ, 48 चा 44.1 किलोहर्ट्झ करून डब्ल्यूएव्ही, दीड जीबीच्या आसपास. जोडून डबल कॉपी मी नऊ वेळा कशासाठी करत होतो देव जाणे.

एवढ्यात तो पोरगा म्हणतो, आता व्हॉब उडवू का, व्हिडिओ तर डीटूव्हीत आलाय! मी त्याचा हातच धरला. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली, वर आठ व्हॉबचे पाथ आणि खाली नुसते आकडे. त्यात व्हिडिओ नसतोच, फक्त कुठे काय आहे ते असतं, व्हॉब हलवले तरी ती आंधळी.

एन्कोडिंग रात्रभर चाललं. सकाळी विषय बदलतो तिथे कापून दोन भाग केले, साधारण 750 एमबीचे. पोरगा परत, "सर, सीडी 700 ची आहे." हे मात्र बरोबर बसतं. डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरला, म्हणजे सीडीवरच्या छोट्या कप्प्याला, 2048 बाइट मिळतात, बाकी चुका दुरुस्त करायला राखीव. व्हीसीडीत ती दुरुस्ती बरीचशी काढून 2324 बाइट वापरतात, एखादा बाइट गेला तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसेल एवढंच. म्हणून 80 मिनिटांच्या सीडीवर 80 मिनिटांचा व्हिडिओ जातो, एमबी मोजायचेच नाहीत.

दोन्ही सीडी निघाल्या, पॅक करायला घेतलं आणि नवव्या सेटची दुसरी सीडी सहज उलटी केली. खालून एकदम कोरी, राईट झालेला भाग जरा वेगळ्या रंगाचा दिसतो तो पट्टाच नाही. नाव आधी टाकून ठेवलं होतं, राईट करायचं राहिलं होतं, आणि एमपेग मी उडवलेला. नववी डीव्हीडी परत घातली, परत डीटूव्ही, परत एन्कोड. क्लायंटला फोन करून सांगितलं संध्याकाळी देतो, कारण विचारलं तर मशीन हँग झालं म्हणालो.

संध्याकाळी माणूस माल घेऊन गेल्यावर डी ड्राईव्हला कन्व्हर्ट मारलं. पाच मिनिटं पण लागली नाहीत.