क्रॅश रिपोर्टमधलं एक नाव

मी ऑडिओबुकचं एडिटिंग करते. ऑपरेटिंग सिस्टीमचं मोठं अपडेट घेतलं आणि लगेच माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद पडायला लागलं. नुसतं सुरू केलं तर छान चालायचं, नवीन फाइलही घ्यायचं. पण आधीचं प्रोजेक्ट उघडायला गेलं की लोडिंगची पट्टी निम्म्यापर्यंत यायची आणि विंडोच गायब व्हायची. एरर वगैरे काही नाही. निम्मं पुस्तक त्यात अडकलेलं, निवेदिकेची मेहनत त्यात, त्यामुळे जीव वर-खाली होत होता.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, काढून टाक आणि परत इन्स्टॉल कर. केलं तसं. फरक शून्य. का ते क्रॅश रिपोर्ट उघडल्यावर कळलं, आणि आज लिहायला बसले ते याच रिपोर्टसाठी. सॉफ्टवेअर कोसळलं की सिस्टीम त्याची नोंद ठेवते. विंडोजवर ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते, मॅकवर कन्सोलमध्ये. पानभर आकडे बघून घाबरायचं कारण नाही. कोणत्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागात कोसळलं, तेवढं नाव शोधायचं.

माझ्या रिपोर्टमधलं नाव एडिटिंग सॉफ्टवेअरचं नव्हतंच. आवाजातली खरखर काढायला मी एक जुनं प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) वापरते, त्याचं होतं. प्लगइनचं फोल्डर वेगळं असतं, त्यामुळे मुख्य सॉफ्टवेअर कितीही वेळा काढा-घाला, ते आपलं जागच्या जागी. प्रोजेक्टची एक प्रत बाजूला ठेवली (हे आधी करा, मगच बाकीचं), प्लगइनची फाइल फोल्डरबाहेर हलवली आणि प्रोजेक्ट उघडलं. सगळे कट, सगळे फेड शाबूत.

मग दोष कुणाचा? बरेचदा चूक सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असते आणि अपडेटमुळे ती फक्त उघडी पडते. याचं माझ्याच क्षेत्रातलं, म्हणजे आवाजाचं, एक उदाहरण आहे. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ६४ बिटच्या फ्लॅश प्लेयरचा (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम) आवाज खराब यायला लागला. फ्लॅशमध्ये काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते जीलिबसी या सिस्टीमच्या मूळ लायब्ररीतलं (प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचातलं) मेमकॉपी हे फंक्शन. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं एवढंच त्याचं काम. वेग वाढावा म्हणून काही प्रोसेसरवर ते शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करायला लागलं. या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात, असा मेमकॉपीचा नियम आहे. तशा असतील तर मेममूव्ह हे दुसरं फंक्शन वापरायचं. फ्लॅशने तो नियम पाळला नव्हता, आणि तोवर ते खपून जात होतं. दिशा उलटली तशी पुढची माहिती वाचून व्हायच्या आधीच पुसली जाऊ लागली.

नियमाने बघितलं तर चूक फ्लॅशची. पण लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या बिघाडावरच्या चर्चेत वापरणाऱ्यांची बाजू घेतली: काल चालणारी गोष्ट आज बंद पडली, तर नियम कुणी मोडला याच्याशी त्यांना काय घेणं? मला हे शंभर टक्के पटतं. जीलिबसीनेही पुढे २.१४ या आवृत्तीत जुन्या प्रोग्रॅमसाठी जुनी, सुरक्षित वागणूक वेगळी जपली. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

सगळीकडे मात्र रिपोर्ट बघण्याचा उपाय लागू पडत नाही. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ॲप्सचा आधारच काढून घेतला. तिथे ॲप सुरूच होत नाही, मग रिपोर्ट चाळण्यात वेळ घालवू नये. नवी आवृत्ती शोधावी किंवा जुनी सिस्टीम ठेवावी.

प्लगइन बनवणाऱ्यांना मी पूर्ण रिपोर्ट, सिस्टीमची आवृत्ती आणि प्लगइनची आवृत्ती पाठवली आहे. नुसतं 'चालत नाही' असं कळवलं तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. तोवर खरखर दुसऱ्या प्लगइनने काढतेय. त्यात 'स' आणि 'श' थोडे बोथट होतात, म्हणून ती वाक्यं हाताने दुरुस्त करतेय.